‘इन्क्लुझिव्ह ख्रिश्चन’ शाळा : ‘पण’ की ‘म्हणून’?

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आला आहे. मुलाला सप्टेंबरात शाळेत घालायचं आहे. घराजवळची शाळा चर्च ऑफ इंग्लंडची, म्हणजे तिथल्या अधिकृत राष्ट्रीय चर्चची. माहितीपत्रकाच्या पहिल्याच ओळीत शाळेने स्वतःला ‘इन्क्लुझिव्ह ख्रिश्चन प्रायमरी स्कूल’ म्हटलंय. सासूबाईंना फोनवर सांगताना ताईंनी त्याचं ‘सर्वसमावेशक ख्रिस्ती प्राथमिक शाळा’ केलं. त्यावर सासूबाई म्हणाल्या, “म्हणजे सगळ्या पंथांच्या ख्रिस्ती लोकांची होय? मग आपला तिथे काय करणार?” ताई विचारतात, शब्द चुकला का?

शब्द चुकला नाही, जागा चुकली. सासूबाईंचा कान अगदी बरोबर आहे. मराठीत विशेषणांची अशी उतरंड रचली की प्रत्येक विशेषण आपल्या लगतच्या शब्दाला चिकटतं. ‘सर्वसमावेशक ख्रिस्ती’ म्हटलं की आधी कॅथलिक, प्रोटेस्टंट, मेथडिस्ट असे सगळे ख्रिस्ती डोळ्यांपुढे येतात, शाळा फार मागे राहते. आणि तो अर्थ अगदीच हवेतला नाही. अँग्लिकन (म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडचे) आणि मेथडिस्ट मिळून चालवतात अशाही शाळा इंग्लंडात आहेत. पण ताईंच्या शाळेला ते म्हणायचं नाही.

‘प्राथमिक’चा गुंता छोटा आहे, तो आधी सोडवू. आपल्याकडे पहिलीला मूल सहा वर्षांचं असतं. तिकडे चौथा वाढदिवस झाला की येणाऱ्या सप्टेंबरात ‘रिसेप्शन’चा वर्ग सुरू होतो आणि अकराव्या वर्षापर्यंत मूल त्याच शाळेत राहतं. म्हणजे आपली बालवाडी त्यातच आली. आजीला एवढं सांगितलं की पुरे.

‘ख्रिश्चन’ या शब्दापाशी मात्र थांबायला हवं. मराठीत विशेषण ‘ख्रिस्ती’ आहे, ते वापरावं. ‘ख्रिस्ती शाळा’ कानाला नवखं वाटतं, कारण बोलण्यात आपण दोनच शब्द वापरतो, मिशनची शाळा आणि कॉन्व्हेंट. ‘कॉन्व्हेंट’ म्हणजे खरं तर जोगिणींचा मठ, पण विदर्भात खाजगी इंग्रजी शाळेला, तिथे औषधाला एकही सिस्टर नसली तरी, कॉन्व्हेंटच म्हणतात. ‘मिशनची शाळा’ या शब्दाला मात्र इतिहासाचा वास आहे. जोतीराव फुले पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, ही त्याची एक बाजू. दुसरी बाजू 1839 सालच्या मुंबईची. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या दोन पारशी विद्यार्थ्यांनी बाप्तिस्मा घेतला, शहरात हलकल्लोळ झाला, प्रकरण कोर्टात गेलं आणि पालकांनी धडाधड मुलं काढून घेतली. सासूबाईंनी हे वाचलेलं असेल-नसेल, ‘मूल बाटेल’ ही धास्ती भाषेतून आपोआप हाती येते. म्हणून इथे ‘मिशनची शाळा’ म्हणू नये. चर्च ऑफ इंग्लंडची शाळा ही परधर्मीयांत काढलेली शाळा नव्हे. ती तिथल्या गल्लीतली, गावातली शाळा आहे.

या शाळांचं जाळं विणणारी नॅशनल सोसायटी 1811 साली स्थापन झाली. गरिबांच्या मुलांना शिकवायचं, आणि शिकवायचं ते प्रस्थापित चर्चच्या तत्त्वांनुसार, असा तिचा हेतू तिच्या लांबलचक नावातच लिहिला होता. म्हणजे ‘सगळ्यांसाठी’ आणि ‘ख्रिस्ती’ यांची ओढाताण जन्मापासूनची. 1870 च्या कायद्याने पालकांना धर्मशिक्षणाच्या तासातून मूल बाहेर ठेवायची मुभा दिली. आपल्या राज्यघटनेच्या 28व्या कलमातही सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थांपुरती अशीच तजवीज आहे. आज इंग्लंडात या चर्चच्या साडेचार हजारांहून जास्त शाळा आहेत आणि त्यांत दहा लाखांच्या आसपास मुलं शिकतात. सगळी चर्चला जाणाऱ्या घरांतली असणं शक्यच नाही.

आता ‘इन्क्लुझिव्ह’. पुण्यातल्या दुकानदाराला विचारा, तो एका शब्दात सांगेल, “जीएसटी धरून.” ‘धरून’ आणि ‘वगळून’, इतकी नेमकी जोडी आपल्याकडे असताना आपण ‘सर्वसमावेशक’ या सहीशिक्क्याच्या शब्दाकडे का धावतो कोण जाणे. शाळेच्या तोंडी हा शब्द आला की त्यात दोन वेगळ्या गोष्टी असतात. तिथल्या शिक्षकाच्या मनात बहुधा पहिली येते ती अशी की चाकाच्या खुर्चीतलं, स्वमग्न किंवा उशिरा बोलू लागलेलं मूल इतरांसोबत त्याच वर्गात बसेल. ब्रिटनमधला 1978 चा वॉर्नॉक अहवाल आणि स्पेनमधल्या सालामांका इथला 1994 चा आंतरराष्ट्रीय जाहीरनामा हे त्या वाटेवरचे मोठे टप्पे. यासाठी आपल्याकडे ‘समावेशित शिक्षण’ हा शब्द शिक्षण खात्यात रुळला आहे. आधी ‘एकात्म शिक्षण’ म्हणत. फरक बारीक पण खरा आहे. एकात्ममध्ये मुलाने शाळेला जुळवून घ्यायचं, समावेशितमध्ये शाळेने मुलाला. दुसरी गोष्ट धर्माची. हिंदू, मुसलमान, शीख आणि काहीच न मानणाऱ्या घरांतली मुलंही इथली. ताईंना ही दुसरी महत्त्वाची वाटते, शाळेला दोन्ही म्हणायच्या आहेत. ‘सर्वसमावेशक’मध्ये दोन्ही मावतात, पण दिसत एकही नाही.

मी क्रियापद वापरीन, ‘सामावून घेणारी’. हा शब्द ‘मावणे’च्या घरातला. ‘समावेश’ त्याचा जुळा वाटतो, पण तो ‘विश्’ म्हणजे शिरणे या धातूचा. ‘सामावून घेणे’त एक प्रामाणिकपणा आहे. घर कुणाचं तरी असतं, आणि घरवाला सरकून जागा करतो. ही शाळा तशीच आहे. घर ख्रिस्ती आहे, ते लपवलेलं नाही. धोकाही त्याच शब्दात आहे. नदी समुद्रात ‘सामावते’ तेव्हा नदी उरत नाही. सासूबाईंची काळजी नेमकी तीच. म्हणून जोडीला ‘खुली’ हा शब्द असू द्यावा.

उरला जोड. ‘ख्रिस्ती, पण सगळ्यांना खुली’ असं जिभेवर सहज येतं. त्यातला ‘पण’ आपला आहे, शाळेचा नव्हे. त्या ‘पण’मध्ये आपण धरून चालतो की ख्रिस्ती असणं म्हणजे दार लावून घेणं. चर्च म्हणतं, आम्ही ख्रिस्ती आहोत ‘म्हणून’ सगळ्यांना घेतो. त्यांच्या 2016 च्या शिक्षणविषयक भूमिकेचं ब्रीद ‘डीपली ख्रिश्चन, सर्व्हिंग द कॉमन गुड’ (मुळापासून ख्रिस्ती, सगळ्यांच्या हितासाठी झटणारे) असं आहे. मध्ये ना ‘पण’ ना ‘म्हणून’, नुसता स्वल्पविराम. चतुराई म्हणा हवं तर. मला तो स्वल्पविराम आवडतो, पण मराठीत तो टिकत नाही. बोलताना आपल्याला काहीतरी एक निवडावंच लागतं.

कुठलं निवडायचं हे शाळेच्या प्रवेशाच्या नियमांवरून ठरवावं. चर्चच्या शाळांतल्या ‘कंट्रोल्ड’ प्रकारच्या शाळेत प्रवेश सहसा स्थानिक काउन्सिल देतं. ‘एडेड’ प्रकारच्या शाळेत नियम शाळेचं नियामक मंडळ ठरवतं, आणि जागा कमी पडल्या तर चर्चला नियमित जाणाऱ्यांना प्राधान्य देता येतं. तसं असेल तर ‘पण’सुद्धा जपूनच वापरावा.

आत काय चालतं त्याचा एक नमुना देतो. माझ्या भाचीची मुलगी अशाच एका शाळेत जाते. नाताळच्या नाटकात ती मेंढी होती, बनियनवर कापसाचे बोळे चिकटवून. रोजच्या सामूहिक उपासनेत मेणबत्ती लावतात, गोष्ट सांगतात आणि शेवटी बाई म्हणतात, “ही प्रार्थना तुम्हाला आपली करायची असेल तर शेवटी आमेन म्हणा.” त्या ‘असेल तर’मध्ये ‘इन्क्लुझिव्ह’चा सगळा अर्थ आला. ही उपासना समावेशक, आमंत्रण देणारी आणि प्रेरणा देणारी असावी, अशी चर्चचीच अपेक्षा आहे. पालकांना हवं तर मुलाला तिथून वगळायचा हक्क कायद्याने आहेच. भाचीने वगळलं नाही. पोर हात जोडून उभी राहते, आमेन म्हणते की नाही ते मी विचारलेलं नाही.

तर ताई, सासूबाईंना असं सांगा : “शाळा चर्चची आहे, प्रार्थना त्यांची होते, सक्ती नाही. कुठल्याही धर्माचं, कसंही मूल असो, सामावून घेतात.” वाक्यं सुटी ठेवा, जोड त्यांचा त्या लावतील. मग त्या जेवणाचं विचारतील. रिसेप्शनपासून पहिली तीन वर्षं दुपारचं जेवण शाळेत फुकट असतं. शाकाहारी काय मिळतं, ते मात्र आधी विचारून ठेवा.