मॉन्ट्रियलला येताय? आधी अँटेना घ्या, केबलचं नंतर बघू

ताई, तुम्ही विचारलंत की मॉन्ट्रियलला आल्यावर टीव्हीचं काय करायचं, नुसत्या इंग्रजी चॅनलवर भागेल का, आणि मुलांच्या कानावर फ्रेंच कसं पडेल. इथे बारा वर्षं काढली आहेत, त्यामुळे सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे भारतातला टीव्ही आणू नका. इथली वीज 120 व्होल्टची आणि प्रक्षेपणाची पद्धतही वेगळी. इथेच सेट घ्या, सोबत साधा घरात ठेवायचा अँटेना. लहानपणी आपण गच्चीवर चढून अँटेना फिरवायचो आणि खाली ओरडायचो, ‘आलं का?’ तसा खटाटोप इथे नाही. शहराच्या मधोमध माँ-रोयाल डोंगर आहे, त्याच्यावरच्या मनोऱ्यावरून बहुतेक चॅनल येतात, तेही फुकट आणि एचडीत. फ्रेंचमध्ये 2 वर रादिओ-कानादा, 10 वर टीव्हीए, 17 वर तेले-केबेक; इंग्रजीत 6 वर सीबीसी, 12 वर सीटीव्ही. 47 वर निरनिराळ्या देशांतून आलेल्यांच्या भाषांतले कार्यक्रम असतात. टीव्हीसाठी परवाना शुल्क नाही. सार्वजनिक प्रसारणाला संसद दरवर्षी एक अब्ज डॉलरहून जास्त देते, म्हणजे उद्या तुमच्या करातूनही ते जाणारच आहे. मग बघा तरी!

आता खरा मुद्दा. मी गोव्याची. पणजी आकाशवाणीवर कोकणी बातम्याही ऐकायचो आणि मराठीही. बातमी तीच, भाषा निराळी. सीबीसी आणि रादिओ-कानादा ही एकाच सार्वजनिक महामंडळाची इंग्रजी आणि फ्रेंच अशी दोन अंगं, म्हणून इथेही तसंच असेल असं मी धरून चालले आणि पहिली दोन वर्षं फक्त 6 नंबर लावला. ती चूक तुम्ही करू नका. दोघांचे वार्ताहर वेगळे, संपादक वेगळे, प्रेक्षकही वेगळे. रात्री दहाला दोन्हीकडच्या मुख्य बातम्या लावून बघा. इंग्रजीत बऱ्याचदा सुरुवात ओटावाने किंवा वॉशिंग्टनने होते, तर फ्रेंचमध्ये केबेकमधल्या, म्हणजे आपल्या या प्रांतातल्या, दवाखान्यांची गर्दी, शाळा, भाषेचा कायदा. तुमचं रोजचं जगणं त्या दुसऱ्या यादीवर ठरणार आहे. 2025 च्या एप्रिलमध्ये देशाच्या निवडणुकीआधीचा पक्षनेत्यांचा फ्रेंच वादविवाद दोन तास अलीकडे आणला, कारण त्याच संध्याकाळी कॅनेडियन्सचा, म्हणजे इथल्या संघाचा, हॉकी सामना होता. हे शहर कशासाठी थांबतं ते मला त्या दिवशी कळलं.

हे कायम असं नव्हतं. 6 सप्टेंबर 1952 ला इथे टीव्ही सुरू झाला तेव्हा एकच केंद्र होतं आणि त्यावर दोन्ही भाषांचे कार्यक्रम आलटून पालटून लागायचे. 1954 च्या जानेवारीत इंग्रजीसाठी 6 नंबर निघाला आणि वाटा वेगळ्या झाल्या.

मुलांचं म्हणाल तर, 1977 च्या भाषेच्या कायद्यामुळे बाहेरून आलेल्यांची मुलं बहुतेक फ्रेंच शाळेतच जातात. तात्पुरत्या परवान्यावर येणाऱ्यांना इंग्रजी शाळेची सवलत मिळू शकते, पण माझं ऐकाल तर ती घेऊ नका. तेले-केबेकवर मुलांचे कार्यक्रम भरपूर आणि चांगले आहेत. रोज अर्धा तास, फ्रेंच सबटायटल लावून. इंग्रजी सबटायटल अजिबात नको, डोळे तिकडेच जातात आणि कान बंद होतात. तुमच्यासाठी मोरील नावाचं सार्वजनिक प्रसारकाचंच फुकट अॅप आहे, त्यात त्यांच्याच कार्यक्रमांतून भाषा शिकवतात. पुण्यात क्लासला शिकलेलं फ्रेंच इथल्या बाजारात आधी कळणार नाही, घाबरू नका. बातम्यांचं फ्रेंच स्वच्छ असतं, तिथून सुरुवात करा.

बॅटरीवर चालणारा एक रेडिओही घ्या. एप्रिल 2023 मध्ये गोठत्या पावसाने झाडं तारांवर कोसळली, प्रांतात दहा लाखांहून जास्त घरांची वीज गेली. आमच्याकडे दोन दिवस अंधार होता, फोनही मान टाकत होता. वीज कुठे आली, ऊब घ्यायला कुठे जायचं, हे सगळं 95.1 वर फ्रेंचमध्ये आणि 88.5 वर इंग्रजीत ऐकलं. सार्वजनिक प्रसारकाच्या या दोन्ही केंद्रांवर जाहिराती नसतात, हे आणखी एक सुख.

केबलवाला दारात आला तर लगेच सही करू नका. मी केली होती, भारतीय चॅनलच्या मोठ्या पॅकेजवर, आणि वर्षभर फुकट पैसे भरले. मराठी मालिका इंटरनेटवर मिळतात. केबल हवीच असेल तर 25 डॉलरच्या आतलं मूळ पॅकेज मागा. कंपनीला ते द्यावंच लागतं, पण आपणहून कोणी सांगत नाही. घर ठरलं की कुठला भाग आणि कितवा मजला ते कळवा, अँटेना कुठल्या खिडकीत ठेवायचा ते सांगते.