ऑस्ट्रियातलं साल्झबुर्ग एका दिवसात पायी होईल का? सोबत आई-बाबा आणि आठ वर्षांचा मुलगा आहे

आरामात. जुनं शहर आटोपशीर आहे. सकाळी मिराबेल बागेपासून सुरुवात करा. तिथल्या संगमरवरी बुटक्यांच्या पुतळ्यांपाशी मुलं रमतात. मग नदी ओलांडून गेट्राइडेगासे या गल्लीत जा. दुकानांत शिरू नका (महाग!), वर टांगलेल्या नक्षीदार लोखंडी पाट्या बघा. ९ नंबरच्या पिवळ्या घरात १७५६ साली संगीतकार मोझार्ट जन्मला.

टेकडीवरच्या होहेनसाल्झबुर्ग किल्ल्याचा चढ मात्र दमवणारा. आई-बाबांसाठी १८९२ पासून चालणारी, किल्ल्यावर नेणारी रेल्वे आहे, तिनेच जा. तिच्या खालच्या स्टेशनाजवळ सेंट पीटर मठाची बेकरी, बाहेर पाणचक्की फिरत असते. तिथला ताजा पाव घ्या आणि कापिटेलप्लाट्झ या चौकात बसा. जमिनीवरच्या भल्यामोठ्या पटावर बुद्धिबळ रंगलेलं असतं. छत्री हवीच, पाऊस बेभरवशाचा.