ओळ २१२ सापडत नाही

प्रश्न : आम्ही बागायतदारांकडून हापूसच्या पेट्या घेऊन पुढे विकतो. हिशेबाचं सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हर २०१४ या डेटाबेसवर चालतं. ते करून देणारे गृहस्थ आता हे काम करत नाहीत. यंदा बिलं काढताना ‘डिव्हाइड बाय झीरो’ असा एरर येतो आणि मेसेजमध्ये ओळ २१२ दिसते. मी एसपी_हेल्पटेक्स्ट या कमांडने प्रोसीजर (सर्व्हरमध्ये साठवलेला बिलाचा प्रोग्रॅम) काढून दोनशे बारावी ओळ पाहिली, तर तिथे भागाकारच नाही. प्रोसीजर ओळीओळीने वाचायची कशी?
— एक वाचक, देवगड

उत्तर : ताई, तुम्ही मोजलीत ती सर्व्हरची दोनशे बारावी ओळ नव्हेच. एसपी_हेल्पटेक्स्ट एका रांगेत जास्तीत जास्त २५५ अक्षरं देतं. मूळ ओळ त्याहून लांब असेल तर ती तोडून पुढच्या रांगेत टाकतं. अशा पाच-सहा लांब ओळी वर होऊन गेल्या की खालचे सगळे आकडे पुढे सरकतात. मॅनेजमेंट स्टुडिओत, म्हणजे सर्व्हर हाताळायच्या प्रोग्रॅममध्ये, ‘मॉडिफाय’ करून उघडलंत तरी वर यूज आणि सेटच्या ओळी जोडल्या जातात, म्हणजे तिथेही फरक पडतोच. त्या आधी मेसेजमध्ये प्रोसीजरचं नाव कोणतं आलंय ते बघा. एक प्रोसीजर दुसरीला बोलावत असेल, तर ओळ त्या आतल्या प्रोसीजरमधली असते.

मजकूर अखंड मिळतो तो सिस.एसक्यूएल_मॉड्यूल्स या सर्व्हरच्या स्वतःच्या तक्त्यात, ‘डेफिनिशन’ या रकान्यात. ही सोय २००५ च्या आवृत्तीपासून आहे. जुन्या सिसकमेंट्सकडे जाऊ नका, तिथे मजकुराचे चार-चार हजार अक्षरांचे तुकडे असतात आणि एखादा शब्द मधोमध तुटला की शोधूनही मिळत नाही. डेफिनिशन ‘नल’ (म्हणजे काहीच नाही) आलं, तर एकतर प्रोसीजर एन्क्रिप्ट केलेली आहे किंवा तुमच्या लॉगिनला ती पाहायची परवानगी नाही.

आता ओळी पाडू या. डेफिनिशन एका एनव्हारचार(मॅक्स) व्हेरिएबलमध्ये घ्या. इथे काटकसर करून मॅक्सऐवजी ४००० लिहिलंत, तर पुढचं सगळं काही न सांगता कापलं जाईल. आणि साधं व्हारचार घेतलंत, तर मराठीत लिहिलेल्या कॉमेंट्सच्या जागी प्रश्नचिन्हं येतील. त्या गृहस्थांनी कॉमेंट्स मराठीत लिहिल्या असतील तर त्या जपा, बागायतदारांशी काय ठरलं होतं ते कदाचित तेवढ्याच जागी लिहिलेलं असेल. ओळ संपली की तिथे कॅर(१३) आणि कॅर(१०) ही न दिसणारी अक्षरं असतात. मग कॅर(१३) काढून टाका आणि शेवटी एक कॅर(१०) जोडा, म्हणजे अखेरची ओळ सुटणार नाही. वाइल लूपमध्ये कॅरइंडेक्सने पुढचा कॅर(१०) शोधायचा, तिथपर्यंतचा तुकडा सबस्ट्रिंगने काढायचा आणि आयडेंटिटी (आपोआप क्रमांक देणारा) रकाना असलेल्या टेम्प, म्हणजे तात्पुरत्या, टेबलात भरायचा. रिकाम्या ओळीही भरा, सर्व्हर त्या मोजतो. मजकूर तोडून देणारं तयार फंक्शन, स्ट्रिंग_स्प्लिट, तुमच्या आवृत्तीत नाही. ते २०१६ मध्ये आलं, आणि ओळीचा क्रमांक देणारी सोय तर त्यात २०२२ मध्ये आली.

हे टेबल आयडेंटिटीच्या क्रमाने काढलंत की दोनशे बारावी ओळ समोर येईल. तिथेही भागाकार दिसला नाही तर घाबरू नका. अशा एररमध्ये सर्व्हर बहुधा विधान जिथे सुरू होतं ती ओळ सांगतो. लांबलचक सिलेक्ट असेल, तर खरा भागाकार दहा-पंधरा ओळी खाली असू शकतो. मी अशा प्रोसीजरचा क्रमांकांसह प्रिंट काढते आणि प्रत्येक भागाकाराखाली लाल पेनने रेघ मारते. पडद्यावर वर-खाली करताना नजर निसटते, कागदावर निसटत नाही.

माझा अंदाज सांगते. रक्कम भागिले डझन करून सरासरी दर काढलेला असेल, आणि एखाद्याचा सगळा माल साक्यात (आतून गर बिघडल्याने) गेल्यामुळे विक्रीचे डझन शून्य लागले असतील. भाजकाला नलइफ(डझन, ०) लावलंत की एरर थांबेल. पण तेवढ्यावर सोडू नका. शून्याच्या जागी नल आलं आणि पुढे त्याच दराने रक्कम काढून त्यातून उचल वजा होत असेल, तर उत्तरही नलच येईल. बागायतदाराने मोसमाआधी घेतलेली उचल बिलावर दिसणारच नाही, आणि त्याची बाकी पुढच्या वर्षी कोण कशी सांगणार? म्हणून रकमेला आयएसनल लावून शून्य धरा, उचल पूर्ण दाखवा आणि दराची जागा कोरी ठेवा.

बदल करण्याआधी मूळ डेफिनिशन तारखेसह वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. बॅकअप दुसऱ्या नावाने रिस्टोअर करून आधी तिथे त्याच बागायतदाराचं बिल काढा आणि वहीतल्या हिशेबाशी पैशापैशाने ताडून बघा. रिस्टोअर करताना अडचण आली तर मेसेज जसाच्या तसा उतरवून पाठवा.