इंदूरच्या फ्लॅटमध्ये एअर प्लांट बुडाशी काळं का पडतं? आणि आंब्यावर उगवतं तेही एअर प्लांटच का?

मधलं पान हलकेच ओढून बघा. गाभाच हातात आला तर ती कूज आहे, ते झाड आता वाचायचं नाही. काचेच्या गोळ्यात ठेवून रोज फवारा मारत होतो असं तुम्ही लिहिलंय, घोटाळा तिथेच आहे. फवाऱ्याचं पाणी पानांच्या बेचक्यात साचतं, गोळ्यात वारा फिरत नाही, बूड दिवसरात्र ओलं राहतं. हवेवर जगणारं झाड म्हणून विकतात खरं, पण पाणी त्याला व्यवस्थित लागतं. फक्त भिजल्यावर चार तासांच्या आत ते खडखडीत वाळलं पाहिजे.

हे टिलँडसिया, अननसाच्या कुळातलं, मूळचं अमेरिका खंडातलं. मुळं फांदीला धरून बसण्यापुरती. पाणी शोषतात ते पानांवरचे बारीक खवले, आणि चंदेरी झाक त्यांचीच. भिजलं की पान हिरवं दिसतं, वाळलं की पुन्हा चंदेरी होतं. घड्याळापेक्षा ही खूण भरवशाची. म्हणून रंग फासलेली, लाल-निळी झाडं घेऊ नका. खवले बुजलेले असतात. सुरुवातीला आयोनांथा ही जात घ्या: मुठीत मावणारं आणि बऱ्यापैकी सोशिक. बल्बोसा या दुसऱ्या जातीचं बूड कांद्यासारखं फुगीर आणि आतून पोकळ असतं, त्यात पाणी अडकतं. ते भिजत न घालता फवाऱ्यावर ठेवा आणि उलटं टांगा.

पाणी द्यायचं ते सकाळी. ही झाडं रात्री पर्णरंध्रं उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. रात्री पानं ओली असली की ते काम अडतं. बादलीत २० ते ३० मिनिटं पूर्ण बुडवा, मग उलटं धरून चांगलं झटका आणि पंख्याखाली आडवं ठेवा. आठवड्यातून एकदा पुरे. एप्रिल-मेमध्ये लू सुरू झाली की दोनदा, आणि मधल्या दिवशी सकाळी एखादा फवारा. कूलरची दमट हवा खोलीत फिरत असेल तर झाड खूश असतं, एसीच्या खोलीत मात्र टोकं लवकर वाळतात. पावसाळ्यात भिजवणं जवळजवळ बंद करा. दहा-बारा दिवसांतून एकदा पाण्यातून काढलं तरी चालेल, पण पंखा हवाच. माळव्यातल्या मे महिन्याला सगळे घाबरतात. मला विचाराल तर खरा धोका ऑगस्टचा.

बोरिंगच्या पाण्यातले क्षार खवल्यांवर बसतात. पावसाचं साठवलेलं किंवा आरओचं पाणी उत्तम. तांब्याच्या घंगाळात भिजवू नका, तांब्याच्या तारेने बांधू नका, बुरशीसाठी बोर्डो मिश्रण (मोरचूद आणि चुना) तर मुळीच मारू नका: तांबं या झाडांना विष आहे. बांधायला नायलॉनची तंगूस घ्या, आधाराला जुन्या लाकडाचा तुकडा. बुडाभोवती मॉस गुंडाळायचं नाही. पूर्वेची खिडकी सगळ्यात चांगली, पश्चिमेच्या गॅलरीत मेचं ऊन पानं भाजून काढतं. खत महिन्यातून एकदा, विद्राव्य १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं), लिटरला पाव ग्रॅम.

आयोनांथाची मधली पानं लाल झाली की आजारी पडलं समजू नका, फूल येतंय. फुलल्यावर झाड केळीसारखं वागतं: बुडाशी पिल्लं देतं आणि स्वतः सावकाश संपतं. पिल्लू आईच्या निम्म्याएवढं झाल्याशिवाय तोडू नका.

आता आंबा. टिलँडसिया आपल्याकडे रानात उगवत नाही, त्यामुळे आंब्यावरचं ते एअर प्लांट नव्हे. जाड, चिवट पानं, लांब नळीसारखी फुलं आणि जिथे चिकटलंय तिथे फांदीला गाठ, असं असेल तर बांडगूळ. ते आंब्याचा रस पितं. नुसतं खुडलं तर पुन्हा फुटतं, म्हणून गाठीच्या बरंच खालून फांदीच कापा. पण सालीवर पसरलेली जाड पांढरी मुळं, त्यांची हिरवी टोकं आणि दोन रांगांत पट्ट्यांसारखी पानं दिसली, तर तो ऑर्किड, बहुधा रास्ना. तो झाडावर फक्त बसतो, खात काही नाही. त्याला हात लावू नका.