दोलामुद्रिते पहिल्यांदा बघायला जाताना
दोलामुद्रिते म्हणजे छपाईच्या सुरुवातीच्या काळातली पुस्तकं. ती बघायला जरूर जा. संशोधक नसलात तरी विचारायला लाजू नका. दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात जायचं तर संदर्भ विभागाची वेळ आधी फोनवर विचारा. पहिल्या दिवशी दोनच पुस्तकं मागवा. नवे लोक ढीग मागवतात आणि एकही नीट बघत नाहीत.

- हात धुऊन कोरडे करा. थुंकी लावून पान उलटू नका.
- पेन नको, पेन्सिल.
- पुस्तक सपाट उघडलं की बांधणी तुटते.

नुसता शक छापलेला असेल तर ७८ मिळवा: शके १७७५ म्हणजे साधारण १८५३.

शिळाप्रेसचं, म्हणजे दगडावरून छापलेलं, पुस्तक मिळालं तर मजकुराआधी अक्षर बघा. खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरं, नाहीत; लिहिणाऱ्याच्या हाताचं वळणच कागदावर उतरलेलं असतं. मला सर्वांत प्रिय तेच. मोडी आणि कागदाची पारख सध्या राहू द्या.