लिंका हव्या होत्या, यादीत नुसते एस आले

प्रश्न : एका ग्रुपच्या चॅटची एक्सपोर्ट केलेली मोठी टेक्स्ट फाइल आहे, त्यातल्या सगळ्या लिंका वेगळ्या काढायच्यात. नेटवर मिळालेला रेगेक्स (मजकुरात ठरावीक रचना शोधणारा पॅटर्न) पायथनच्या फाइंडऑलला (सगळे जुळलेले तुकडे यादीत देणारं फंक्शन) दिला तर यादीत लिंका नाहीतच, नुसते एस, एस, मधेच रिकामं, परत एस. दुसरा दीड ओळीचा पॅटर्न घेतला, त्यात लिंका येतात पण शेवटी टिंब नाहीतर कंस चिकटून येतो. सगळं नीट पकडेल असा एकच पक्का पॅटर्न सांगाल का?

उत्तर : आधी एसचं बघू. तुमच्या पॅटर्नमध्ये एचटीटीपीच्या पुढचा एस गोल कंसात असणार आणि कंसामागे प्रश्नचिन्ह. पॅटर्नमध्ये गोल कंस आला की फाइंडऑल पूर्ण जुळलेला मजकूर देतच नाही, फक्त कंसातला तुकडा देतं, म्हणून जिथे एचटीटीपीएस होतं तिथे एस आला आणि साध्या एचटीटीपीला रिकामं. कंस काढून टाका, एसच्या लगेच मागे प्रश्नचिन्ह ठेवा, बास. आणि कुठे कंस लागणारच असेल तर उघडत्या कंसानंतर लगेच प्रश्नचिन्ह आणि कोलन टाका, मग तो नुसता गट करतो, वेगळं काही पकडून ठेवत नाही.

आता पक्का पॅटर्न. तो नाहीये, आणि दीड ओळीच्या पॅटर्नच्या मागे लागूच नका असं मी अगदी कळकळीने सांगेन. वेब पत्त्याचे नियम २००५ च्या आरएफसी ३९८६ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात आहेत आणि त्यात टिंब, स्वल्पविराम, गोल कंस, प्रश्नचिन्ह हे सगळं पत्त्यात चालतं. म्हणजे लिंकच्या शेवटचं टिंब पत्त्याचं की वाक्याचं हे नुसत्या अक्षरांवरून ठरतच नाही, त्याच दस्तऐवजात म्हणूनच सुचवलंय की मजकुरात पत्ता देताना तो कोनी कंसात द्या, पण चॅटमध्ये तसं कोण लिहितं.

त्यामुळे काम दोन टप्प्यांत करा. पहिल्यांदा सैल पकडा : एचटीटीपी, ऐच्छिक एस, कोलन, दोन स्लॅश आणि पुढे स्पेस नसलेलं काहीही, म्हणजे बॅकस्लॅश कॅपिटल एस आणि अधिकचं चिन्ह. नंतर हाती आलेल्या लिंकची शेपटी साध्या कोडने छाटा. उजवीकडून टिंब, स्वल्पविराम, अर्धविराम, उद्गारचिन्ह, प्रश्नचिन्ह, अवतरणचिन्ह काढत जा. बंद कंस मात्र डोळे झाकून काढू नका, विकिपीडियाच्या कितीतरी लेखांचे पत्ते कंसानेच संपतात. लिंकमध्ये उघडे किती आणि बंद किती ते मोजायचं, बंद जास्त असतील तरच शेवटचा काढायचा, आणि तो काढल्यावर परत टिंब उरलं असेल तर परत छाटायचं, म्हणून हे सगळं लूपमध्येच ठेवा.

मराठी चॅट असेल तर अजून एक भानगड असते, लोक लिंकला जोडूनच ‘वर’, ‘मध्ये’ टाइप करतात आणि आपला सैल पॅटर्न तेही गिळतो. ब्राउझरमधून कॉपी केलेल्या लिंकमध्ये मराठी अक्षरं बहुतेक वेळा टक्क्याच्या रूपात असतात (एका अक्षराचे यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत तीन बाइट, प्रत्येक बाइटला टक्का आणि दोन खुणा, म्हणजे एका अक्षरामागे नऊ कॅरेक्टर, म्हणून त्या लिंका एवढ्या लांबलचक दिसतात). तुमच्या फाइलीत सगळ्या तशाच असतील तर पहिलं देवनागरी अक्षर आलं की लिंक तिथेच तोडा. मिसळ असेल तर तोडू नका, चांगल्या लिंका अर्ध्या होतील, त्या डोळ्यांनी तपासलेल्या बऱ्या. आणि मराठी पकडायला बॅकस्लॅश डब्ल्यू (रेगेक्समध्ये ‘शब्दातलं अक्षर’ याची खूण) वापरू नका, पायथनमध्ये त्यात काना, मात्रा, वेलांटी येत नाहीत, शब्द मधेच तुटतो.

एचटीटीपी नसलेल्या लिंका हव्या असतील तर तीन डब्ल्यू आणि टिंबाने सुरू होणाऱ्या घ्या, त्यापुढे जाऊ नका. नुसतं ‘शब्द टिंब शब्द’ शोधलंत तर टिंबानंतर स्पेस न दिलेलं प्रत्येक वाक्य लिंक म्हणून येईल. साइटच्या नावाचा शेवटचा भाग (कॉम, इन असा) दोन ते चार अक्षरांचाच असतो हे गृहीत धरणारे जुने पॅटर्नही सोडा, आता असे शेवटचे भाग, म्हणजे टॉप लेव्हल डोमेन, एक हजाराहून जास्त आहेत आणि त्यातली बरीच लांब आहेत.

हे सगळं साध्या टेक्स्टसाठी. उद्या एचटीएमएल फाइल हाती आली तर रेगेक्स बाजूला ठेवा आणि पार्सरने (एचटीएमएलची रचना वाचणाऱ्या साधनाने) एचरेफ, म्हणजे लिंकचा पत्ता जिथे लिहितात तो भाग, वाचा, तिथे लिंक कुठे सुरू होते आणि कुठे संपते हे आधीच लिहिलेलं असतं.