अमेरिकन राजकारणी हेन्री क्ले तीनदा राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक हरले, मग त्यांना 'थोर तडजोडकार' का म्हणतात?

1824, 1832 आणि 1844 असे तीन पराभव झाले, हे खरं. पण क्ले यांचं खरं कसब भाषणांपेक्षा मतांच्या मोजणीत होतं आणि ते सभागृहातच दिसतं. 1811 साली प्रतिनिधीगृहात (अमेरिकी संसदेचं कनिष्ठ सभागृह) पाऊल ठेवलं त्याच दिवशी ते सभापती झाले. समित्यांवर कोण बसणार हे सभापतीच ठरवत, आणि त्या अधिकाराचा क्ले यांनी पुरेपूर वापर केला.

1820 चा मिसुरीचा पेच बघा. मिसुरीला राज्य म्हणून संघात घेताना तिथे गुलामगिरी असावी की नाही, यावर वाद होता. तडजोड अशी होती: मिसुरीत गुलामगिरी राहणार, मेन हे गुलामगिरीमुक्त राज्य होणार आणि लुइझियाना खरेदीतल्या (1803 मध्ये फ्रान्सकडून विकत घेतलेल्या) उरलेल्या मुलखात 36 अंश 30 मिनिटे अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरीला बंदी. या सगळ्याला एकत्र बहुमत मिळण्यासारखं नव्हतं. म्हणून प्रतिनिधीगृहात मतदान तुकड्यातुकड्यांनी झालं. मिसुरीवर घातलेली गुलामगिरीबंदीची अट 90 विरुद्ध 87 मतांनी काढून टाकली गेली, उत्तरेकडची बंदी 134 विरुद्ध 42 मतांनी मंजूर झाली. दोन्ही मतदानांत बहुमतातली माणसं वेगळी होती, सगळी मेख इथेच आहे. दुसऱ्या दिवशी तडजोडीचे विरोधक असलेले सदस्य जॉन रँडॉल्फ फेरविचाराचा प्रस्ताव घेऊन उठले. आधी रोजचं कामकाज संपू द्या, असं म्हणून क्ले यांनी त्यांना थांबवलं आणि तेवढ्यात विधेयक सही करून सिनेटकडे, म्हणजे वरिष्ठ सभागृहाकडे, धाडलं. रँडॉल्फ यांची पाळी आली तेव्हा फेरविचार करायला विधेयक सभागृहात उरलंच नव्हतं!

1850 मध्ये मात्र हाच धडा सुटला. या वेळी वाद मेक्सिकोकडून मिळालेल्या मुलखात गुलामगिरी असावी की नाही, याचा होता. कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिको, युटा आणि टेक्ससची सीमा यांची एकाच विधेयकात मोट बांधली गेली. एकेका कलमाचे विरोधक त्यामुळे आपोआप एकत्र आले आणि 31 जुलैला विधेयकाच्या चिंधड्या उडाल्या. 73 वर्षांचे, खोकल्याने खंगलेले क्ले विश्रांतीसाठी न्यूपोर्टला गेले. सिनेटर स्टीफन डग्लस यांनी मोट सोडली आणि पाच स्वतंत्र कायदे सप्टेंबरपर्यंत मंजूर करून घेतले. आराखडा मुख्यतः क्ले यांचाच होता, म्हणून श्रेय त्यांना मिळतं, आणि ते योग्यच आहे.

पण ॲशलंड या त्यांच्या मळ्यावर गुलाम राबत होते, हे सोडून त्यांचं मोठेपण सांगू नये. त्या पाचांपैकी एक कायदा पळून गेलेल्या गुलामांना पकडण्याचा होता. पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नसे. त्याला मालकाच्या हवाली केलं तर निवाडा करणाऱ्या आयुक्ताला 10 डॉलर मिळत, सोडून दिलं तर 5.